दोनदा तोललेली काठी

ऋजुता हा गुण उच्चारायला सोपा आणि ओळखायला कठीण आहे. ऋजु म्हणजे सरळ, एवढे सांगून शब्दकोश आपले काम संपवतो. परंतु सरळ दिसणाऱ्या वस्तूंच्याही दोन जाती असतात. एक कधी वाकलेलीच नसते, कारण तिच्यावर भार असा कधी पडलेलाच नसतो. दुसरी भाराखाली वाकते आणि कुणी बोट दाखवण्याआधी स्वतःहून पूर्वपदावर येते. पहिलीचे कौतुक आपण सवयीने करतो. दुसरी क्वचितच दृष्टीस पडते, आणि पडली तर बहुधा एखाद्या आडबाजूच्या खोलीत, बोटांना डिंकाचा वास येणाऱ्या एखाद्या साध्या माणसाच्या रूपाने भेटते.

गोल्फच्या मैदानाला लागून सरावाची रेंज होती. हिरव्या चटयांची एक लांबलचक रांग, तिच्यापुढे मोकळे रान, आणि त्या रानात पन्नास, शंभर, दीडशे असे आकडे रंगवलेले फलक. रांगेच्या टोकाला पत्र्याच्या छपराची एक खोली होती. तिथे खेळाडूंच्या काठ्या दुरुस्त होत असत. निखळलेली डोकी जोडणे, वाकलेले दांडे सरळ करणे, झिजलेल्या रबरी मुठी कापून नव्या बसवणे, अशी सगळी शुश्रूषा तिथे चाले. चाळीस वर्षे ती खोली एकाच माणसाच्या स्वाधीन होती. त्यांचे खरे नाव पगारपत्रकाखेरीज कुठेच उरले नव्हते. सगळे जग त्यांना ग्रॅममास्तर म्हणे.

या पदवीचे कारण खिडकीशेजारच्या फळीवर ठेवलेले होते. तो एक छोटा, चकाकता वजनकाटा होता. खोलीत आलेली प्रत्येक काठी प्रथम त्या काट्यावर चढे आणि तिचे वजन एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी तिच्या मानेला बांधली जाई. दुरुस्ती झाली की जाताना काठी पुन्हा काट्यावर. दोन आकडे पडताळल्याशिवाय मास्तरांनी कधी कुणाच्या हाती काठी दिली नाही. हा नेम हळूहळू घरापर्यंत पसरला. चष्मा, कंगवा, कुलूप, पत्नीच्या विणकामाचा गुंडा, सगळे एकेकदा तोलून झाले होते. आपली डावी चप्पल उजवीपेक्षा चार ग्रॅमने जड आहे, हे ज्ञान मास्तर कित्येक वर्षे पायांत वागवत होते.

"अहो, एकदा मलाच ठेवा त्या काट्यावर," पत्नी म्हणत, "म्हणजे जन्माचं समाधान होईल तुमचं."

"त्याची मर्यादा दोन किलोची आहे," मास्तर गंभीरपणे उत्तर देत.

"मग तुमची अक्कल ठेवा. ती मावेल आरामात."

मास्तरांचे दुसरे काम त्यांच्याकडे आपसूक चालत आले होते. एखादी कंपनी नवी काठी घेऊन आली की ती आधी मास्तरांकडे परीक्षेला पाठवली जाई. ते ती काठी रेंजवर चालवत, मग मैदानावर चालवत, आणि एका कागदावर दोन ओळींचा शेरा लिहून खोलीबाहेरच्या फळ्यावर टाचत. त्या शेऱ्यांत विशेषणे कमी आणि आकडे अधिक असत. चाळीस वर्षांत एकही शेरा मागे घेण्याची वेळ आली नव्हती. शेजारच्या चटईवर रोज सराव करणारे दंतवैद्य म्हणत, "मी उपटलेला दात एखाद वेळी परत बसेल, पण मास्तरांचा शेरा हलायचा नाही."

मास्तरांना तीन वर्षांनी मोठी एक बहीण होती. ताईंनी उभे आयुष्य रुग्णालयात परिचारिका म्हणून काढले होते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, भावाच्या खोलीत सहज आल्या असता, त्यांनी एक काठी उचलून चेंडूला टोला दिला आणि तो सरळ गेला. त्या दिवसापासून दर गुरुवारी सकाळी बहीण-भाऊ नऊ खड्ड्यांचा खेळ एकत्र खेळत. सत्तावीस वर्षे हा गुरुवार दोघांनी पाळला. ताईंचा प्रत्येक फटका एका मंत्राने सुरू होई. काठी मागे नेताना त्या स्वतःशीच पुटपुटत, "हळू गं बाई, हळू." मग काठी खाली येई, आणि चेंडू फार लांब नव्हे पण आज्ञाधारकपणे जाई.

एकाहत्तराव्या वर्षी ताईंच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या मैदानावर परतल्या तेव्हा बाकीचे सगळे जमले, एक ड्रायव्हर तेवढा जमेना. ड्रायव्हर म्हणजे पिशवीतली सर्वांत लांब काठी. खेळाचा पहिला, दूरचा फटका तिच्याने मारायचा. सहाव्या खड्ड्याच्या वाटेवर एक ओढा होता. स्त्रियांच्या पुढच्या जागेवरून मारले तरी चेंडूला पलीकडचा काठ गाठण्यासाठी एकशे चोवीस पावले हवेतून जावे लागे. ताईंचा चेंडू एकशे अठरावर थकून पाण्यात उतरे.

"ओढ्यातले बेडूक आता मला नावानं हाक मारतात," असे म्हणत त्यांनी एक महिना हसण्यावारी नेला. मग एका गुरुवारी इरेला पेटून त्यांनी मंत्र सोडला आणि सगळे बळ एकवटून काठी फिरवली. चेंडू तरीही ओढ्यातच पडला, वर खांदा सुजला. डॉक्टरांनी तीन आठवडे पूर्ण फटका मारण्यास बंदी केली.

त्या संध्याकाळी ताईंनी भावाला स्पष्ट सांगितले, "धाकट्या, मला ओढा वगळून आठच खड्डे खेळायचे नाहीत. चेंडू हातानं पलीकडे फेकायचा नाही. माझ्या खांद्याला झेपेल अशी काठी जगात असेल तर शोध. नसेल तर तसं सांग. मी पिशवी देऊन टाकते. तुझा शब्द मला पुरे आहे."

योगायोग असा की त्याच आठवड्यात एका कंपनीचा विक्रेता नवा ड्रायव्हर घेऊन आला. नेहमीचे ड्रायव्हर तीनशे ग्रॅमच्या पुढे भरत. हा काट्यावर चढला आणि आकडा दोनशे अडुसष्टवर थांबला. दांडा पिसासारखा हलका, मूठ करड्या रंगाची, पातळ, जेमतेम सत्तावीस ग्रॅमची. कमी जोराच्या हातांनाही काठी वेगाने फिरवता यावी म्हणून ती घडवली आहे, असे विक्रेत्याने सांगितले. "दहा दिवस ठेवा साहेब. शनिवारी न्यायला येतो."

मास्तरांनी चिठ्ठी बांधली आणि दुसऱ्या सकाळी ते चटईवर उभे राहिले. ही परीक्षा त्यांना स्वतःच्या हातांनी घ्यायची नव्हती, ताईंच्या हातांनी घ्यायची होती. सत्तावीस वर्षे पाहिलेली ती संथ लय त्यांनी अंगात आणली. त्यासाठी मंत्रही आवश्यक होता. तेव्हा अडुसष्ट वर्षांचे, पांढऱ्या मिशीचे ग्रॅममास्तर भर रेंजवर खणखणीत आवाजात म्हणाले, "हळू गं बाई, हळू."

शेजारच्या चटईवर दंतवैद्यांचा चेंडू भलतीकडेच गेला.

"मास्तर, कुणाशी बोलताय?"

"ताईशी."

"अहो, त्या तर घरी आहेत."

"म्हणून तर मला बोलावं लागतंय."

तीन सकाळी, रोज तीस चेंडू. जुन्या ड्रायव्हरने ताईंची लय धरून मारलेले चेंडू सरासरी एकशे अठरा पावलांवर पडत. नव्याने ते एकशे एकतीसवर जाऊ लागले. दंतवैद्य टाळ्या वाजवू लागले. मास्तरांनी मात्र आकडे लिहून वही मिटली. रेंजवर त्यांचा पूर्ण विश्वास कधीच नव्हता. चटई चूक पोटात घालते, समोर पाणी नसते, आणि फसलेल्या फटक्यानंतर दुसरा चेंडू टोपलीत तयार असतो. "रेंजची साक्ष गोड असते," ते म्हणत, "तिच्याखाली मैदानाची सही लागते."

त्या दुपारी खोलीत मुठी बदलण्यासाठी पाच काठ्या भिंतीशी ओळीने उभ्या होत्या. मास्तरांचे मन ओढ्याच्या काठावर होते आणि हात आपले काम करत होते. जुनी मूठ उभी चिरायची, दांडा पुसायचा, चिकटपट्टीचे दोन थर गुंडाळायचे, नवी काळी मूठ चढवायची, टोकाला खुणेचा पांढरा ठिपका लावायचा. चाळीस वर्षांत हजारो वेळा केलेले काम. ओळ संपली तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती.

दुसऱ्या सकाळी सहाव्या खड्ड्याच्या पुढच्या जागेवरून मास्तरांनी नऊ चेंडू मारले. मैदानावरचे चेंडू रेंजवरच्या झिजलेल्या चेंडूंपेक्षा चांगले. ते अधिक लांब जायला हवे होते. घडले उलटेच. पाच उजवीकडे झुडपांत शिरले. तीन ओढ्यात बुडाले. एक कसाबसा पलीकडच्या चिखलात रुतला. काठीचे डोके जणू हरवले होते. ते कुठे आहे हे हातांना कळेचना. शेवटी त्यांचा जुना सिद्धान्त मदतीला आला: रेंज गोड बोलली, मैदानाने खरे सांगितले.

ताई घरी इस्त्री करत होत्या. भावाचा चेहरा पाहून त्यांनी इस्त्री उभी केली.

"नाही ना?"

"नाही जमत, ताई."

ताईंनी शर्टाची बाही नीट पसरली. मग पुन्हा इस्त्री उचलून म्हणाल्या, "बेडकांना निरोप सांग माझा. आणि कचेरीत सांग, आपली गुरुवारची वेळ दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणावं." बाहीवरून त्यांनी तीन वेळा इस्त्री फिरवली. एकदाच फिरवली असती तरी पुरले असते.

परतल्यावर मास्तरांनी फळ्यावर कागद टाचला: "हलका ड्रायव्हर. रेंजवर गोड, मैदानात कडू. संथ हातांसाठी नापास." पुढे सहा दिवस लोक तो वाचत होते आणि मान डोलावत होते. ज्यांनी ती काठी घ्यायचे ठरवले होते त्यांनी बेत रद्द केले.

शनिवार उजाडला. विक्रेता यायचा होता. मास्तरांनी काठी पुसली आणि नेमाप्रमाणे काट्यावर ठेवली. आकडा धावत जाऊन दोनशे नव्याण्णववर थांबला.

चिठ्ठी दोनशे अडुसष्ट सांगत होती.

मास्तरांना प्रथम काट्याचा संशय आला. त्यांनी दोनशे ग्रॅमचे पितळी वजन ठेवले. काटा म्हणाला, दोनशे. त्यांनी चष्मा पुसला. काठी पुन्हा ठेवली. दोनशे नव्याण्णव. मग त्यांनी ती उलटी धरून टोक पाहिले. तिथे पांढरा ठिपका होता. त्यांच्या स्वतःच्या हातचा.

कचऱ्याच्या डब्यात, पाच झिजलेल्या काळ्या मुठींच्या खाली, कात टाकल्यासारखी उभी चिरलेली एक करडी, पातळ, कोरी मूठ पडली होती. त्या दुपारी भिंतीशी पाच नव्हे, सहा काठ्या उभ्या होत्या. सरावलेल्या हातांनी सहावीलाही बावन्न ग्रॅमची जाड मूठ चढवली होती आणि तिच्याखाली चिकटपट्टीचे थर दिले होते. एकतीस ग्रॅम! हलकेपणाची परीक्षा घेण्याआधी परीक्षकाने हलकेपणाच काढून घेतला होता. जाड मुठीत मनगटे वळेनात म्हणून चेंडू उजवीकडे गेले. मुठीकडे भार सरकला म्हणून डोके हाताला लागेना. मैदानावर हे ध्यानात कसे आले नाही? कारण ती मूठ परकी वाटली नाही. चाळीस वर्षे जी हाताला लागत आली तीच लागली होती. अपरिचयाने माणूस सावध होतो. परिचय त्याला थोपटून झोपवतो.

मास्तर मटकन स्टुलावर बसले. डबा घेऊन आलेल्या पत्नीने त्यांना तसे पाहिले आणि त्या घाबरल्या. मास्तरांनी एका हातात काळ्या मुठीची काठी आणि दुसऱ्या हातात करडी मूठ धरून दाखवली. इतक्या वर्षांच्या संसारात पत्नीही या विद्येत तयार झाल्या होत्या. त्यांना उलगडा व्हायला वेळ लागला नाही.

"कुणाला कळलंय?"

"कुणालाच नाही. विक्रेता वजन करत नाही. नवी पातळ मूठ चढवली तर त्यालाही कळणार नाही."

"मग?"

"मग काय! ताईनं पिशवी दाराशी काढून ठेवलीय."

"अहो, मग बसलात काय असे? चूक तुमची, खांदा वन्संचा, आणि शिक्षा बिचाऱ्या स्टुलाला?"

मास्तर उठले. फळ्यासमोर त्या वेळी दंतवैद्य धरून चारपाच माणसे उभी होती. त्यांच्यादेखत मास्तरांनी जुन्या ओळींवर एक सरळ रेघ मारली. अक्षरे वाचता येतील इतकी पातळ. खाली लिहिले: "वरील शेरा चुकीचा. मूठ बदलून काठी मीच एकतीस ग्रॅमने जड केली होती. दोष काठीचा नाही. फेरतपासणी गुरुवारी."

दंतवैद्यांनी ते मोठ्याने वाचले, थांबले आणि पुन्हा वाचले. "मास्तर," ते म्हणाले, "आता मला दात परत बसवायला शिकावं लागणार."

विक्रेता आला तेव्हा मास्तर त्याच्यापुढे चिरलेली मूठ घेऊन अपराध्यासारखे उभे राहिले. तो आधी गोंधळला आणि मग खदखदून हसला. त्याच्या पिशवीत तशा दोन मुठी होत्या. "साहेब, शुक्रवारपर्यंत ठेवा. फक्त त्या दुसऱ्या काठ्यांपासून लांब ठेवा."

खरी अवघड पायरी ताईंच्या दाराची होती. दारातच पिशवी उभी होती, सगळ्या काठ्या पुसून, चिठ्ठी लावून. भावाने सगळी हकीकत एका दमात सांगितली. ताई हसतील असे त्यांना वाटले होते. ताई हसल्या नाहीत.

"सहा दिवस मला जेवण गोड लागलं नाही, धाकट्या. माहितीय तुला?"

"आता माहिती झालं."

"डॉक्टर सांगतात ते मी दुसऱ्याला विचारून घेते. तू सांगतोस ते कधी विचारलं नाही."

"चुकलं, ताई."

मग ताईंची नजर भावाने पुरावा म्हणून आणलेल्या त्या चिरलेल्या मुठीवर गेली. त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. "अख्ख्या जगाच्या चपला तोलल्यास," त्या म्हणाल्या, "आणि माझीच काठी तेवढी न तोलता नेलीस!" आणि त्या अशा हसत सुटल्या की खांदा धरून त्यांना खुर्चीत बसावे लागले. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी निकाल दिला, "बुधवारी डॉक्टरांची मुदत संपते. गुरुवारची तपासणी मी करणार. तू नुसती पावलं मोज."

गुरुवारची वेळ अजून कुणाला दिली गेली नव्हती. आकाश स्वच्छ होते, गवतावर दव होते. सहाव्या खड्ड्याशी ताई, मास्तर, मास्तरांच्या पत्नी आणि आगंतुक दंतवैद्य जमले. मास्तरांनी बरोबर काटाही आणला होता. गवतावर फळी मांडून त्यांनी सर्वांसमक्ष काठी तोलली. दोनशे अडुसष्ट.

ताईंनी पाय रोवले आणि काठी मागे नेली.

"हळू गं बाई, हळू," दोन आवाज एकदम उमटले.

ताईंनी काठी खाली ठेवली. "तू गप्प बस. एका खांद्याला एक बाई पुरे आहे."

मास्तरांनी तोंडावर हात ठेवला. पहिला चेंडू उंच गेला, ओढ्याच्या ऐन मध्यावर आला आणि टप्पकन पाण्यात पडला. सगळे ताईंकडे बघू लागले. मास्तरांच्या मुद्रेवरचा रंग उतरला.

"असे बघता काय?" ताई म्हणाल्या. "बेडकांना निरोप द्यायचा राहिला होता. हातात काय धरलंय ते आता कळलं मला. काढ दुसरा."

दुसऱ्या वेळी त्यांनी घाई केली नाही. मंत्र ओठांतल्या ओठांत म्हटला गेला. काठी इतकी संथ मागे गेली की दंतवैद्यांना ती थांबली असे वाटले. मग ती आली, आणि चेंडूवर तो स्वच्छ, कोरडा आवाज झाला, जो ऐकताच मारणाऱ्याला मान वर करण्याची गरज उरत नाही. चेंडू पाण्यावरून गेला. पलीकडच्या काठावर पडला, उसळला आणि हिरवळीवर घरंगळत थांबला.

मास्तरांच्या पत्नी ओरडल्या, "वन्सं!" आणि त्या टाळ्या वाजवू लागल्या.

मास्तर मात्र पावले मोजत निघाले होते. लाकडी साकवावरून जाताना त्यांचा आवाज मोठा होत गेला: एकशे एकवीस, एकशे बावीस. चेंडू पडलेल्या खळग्याशी ते थांबले आणि तिथून हात वर करून ओरडले, "एकशे सत्तावीस!" ताई साकव ओलांडून आल्या. त्या एवढेच म्हणाल्या, "चल, तीन खड्डे राहिलेत."

दुपारी फळ्यावर त्याच कागदाखाली तिसरी ओळ आली: "पास. एकशे सत्तावीस पावले. तपासणी: ताई." शुक्रवारी विक्रेता ती काठी न्यायला आला, पण त्याला ती नेता आली नाही. ताईंनी ती तिथल्या तिथे विकत घेतली.

यानंतर मास्तर सहा वर्षे त्या खोलीत काम करत होते. लोकांचा त्यांच्या शेऱ्यांवरचा विश्वास कमी झाला असेल अशी शंका कुणी घेऊ नये. उलट दंतवैद्य नवख्या माणसाला मुद्दाम त्या रेघ मारलेल्या कागदापाशी नेत आणि म्हणत, "आधी हा वाचा, मग बाकीचे." मास्तरांनी फक्त एक बदल केला. मुठी बदलायच्या काठ्या ते उजव्या भिंतीशी ठेवू लागले आणि परीक्षेच्या काठ्या डाव्या. चप्पल मात्र शेवटपर्यंत तीच वापरली.

मास्तर जाऊन आता चार वर्षे झाली. खोलीत त्यांच्याच हाताखाली तयार झालेली एक कारागीर स्त्री काम करते. तो कागद काचेखाली त्याच फळ्यावर आहे. ताई ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. दर गुरुवारी त्या मास्तरांच्या पत्नीला बरोबर घेऊन सहाव्या खड्ड्यापर्यंत खेळतात आणि ओढा पार केला की घरी परततात. त्या ड्रायव्हरची करडी मूठ बरीच झिजली आहे, पण ती बदलू द्यायला त्या तयार नाहीत. आणि खिडकीशेजारच्या काट्यावर प्रत्येक काठी येताना एकदा आणि जाताना एकदा तोलली जाते.